शिधा संपल्यावर

वाकडहून काळेवाडीमार्गे पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी कॅम्प येतो. दिवाळीच्या तोंडावर शगुन चौकात पाय ठेवायला जागा नसते. कापड, भांडी, चपला, मोबाईल, सगळे एकाच गल्लीत मिळते, आणि हिंजवडीच्या वाटेवर एवढे मॉल झाले तरी लग्नाचा बस्ता बांधायला लोक अजून तिथेच जातात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. युद्ध, दंगल, फाळणी यांत घर सुटलेल्यांना महाराष्ट्राने काय दिले, याचा आढावा इथून सुरू करणे रास्त आहे, कारण इथली मदत फळाला आली असे सगळेच मानतात आणि तरीही ती पुरी झालेली नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधी विस्थापितांना दिलेल्या जमिनींचे पट्टे नियमित करण्यासाठी विशेष अभय योजना मंजूर केली. ७८ वर्षांनंतरही ज्या जागेवर तिसरी-चौथी पिढी नांदते आहे, तिच्या मालकीचा प्रश्न निघतो, याचा अर्थ मदतीत कुठेतरी मोठी खोट राहिली. ती खोट धान्यात किंवा तंबूत नव्हती. आपण मदत मोजतो ती क्विंटलमध्ये, ब्लँकेटमध्ये, विमानांच्या फेऱ्यांमध्ये. उखडलेले कुटुंब मात्र पायावर उभे राहते ते त्याच्या नावावर काहीतरी झाल्यावर. जागा, शाळा-कॉलेजातला प्रवेश, धंद्याचा परवाना, नागरिकत्व, यांपैकी काहीही. या गोष्टींना सरकारी तिजोरीतून फारसे काही लागत नाही, आणि नेमक्या त्याच सगळ्यांत उशिरा मिळतात.

सुरुवातीचा काळ पाहू. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबून वाट पाहणारी कुटुंबेही निघाली. कुणी बोटीने मुंबईला उतरले, कुणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले. मुंबई प्रांताच्या सरकारने त्यांचे स्वागत उघड्या हातांनी केले असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या निर्वासितविषयक कायद्याने नोंदणी सक्तीची झाली आणि कोणी कुठल्या छावणीत राहायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे गेला. मुंबई शहरात गर्दी नको, हा त्यामागचा हिशेब. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ९० हजारांहून अधिक माणसे राहिली. एकेका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा किंवा जुन्या चादरीचा पडदा, आणि त्या पडद्याआडून शेजारच्या घरातला खोकला, भांडण, बाळंतपण सगळे ऐकू येई. याच छावणीचे ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्याच वर्षी केंद्राने धडधाकट माणसांचा फुकट शिधा बंद करायचे धोरण घेतले. आज ते निष्ठुर वाटते, आणि म्हाताऱ्यांना, एकट्या बायकांना ते जाचलेही. पण शिध्याच्या जागी काहीतरी येत होते हे विसरता कामा नये: धंद्याला छोटे कर्ज, बाजारात गाळा, शाळेला मान्यता. नुसता शिधा चालू ठेवून बाकी काही न देणे सरकारला त्याहून सोपे होते. पुढे कित्येक देशांनी तेच केले.

भरपाईची गोष्ट मात्र वेगळी. १९५० मध्ये दाव्यांचा कायदा आला आणि १९५४ मध्ये भरपाई व पुनर्वसनाचा. निर्वासिताने सिंधमध्ये किंवा पंजाबात मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचा 'क्लेम' लावायचा, अधिकाऱ्याने तो तपासायचा आणि मंजूर रकमेच्या काही हिश्शाइतकी भरपाई द्यायची. दावा जितका मोठा तितका हा हिस्सा कमी, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू अशी की ज्याचे मागे काही स्थावर नव्हतेच, त्याच्या दाव्याचा प्रश्नच येत नव्हता. भाडेकरू, कारकून, शाळामास्तर, घरगडी यांचे जे गेले ते या कायद्याच्या दृष्टीने गेलेच नव्हते. जळत्या शहरातून निघताना खरेदीखत कमरेला बांधून आणलेला माणूस आणि ज्याचे ते घरीच राहिले तो माणूस यांच्यात जो फरक पडला, तो गरजेचा फरक नव्हता. इकडे मिळालेल्या जागेचे कागदही अर्धवट राहिले. कुणाकडे सनद, कुणाकडे नुसती भाडेपावती, कुणी मूळ लाभार्थ्याकडून साध्या कागदावर घेतलेले. २००५ मध्ये हे सगळे जुने कायदे संसदेने रद्द केले, कारण त्यांचे काम संपले असे मानले गेले. कागदावर काम संपले, बांधकामे वाढत राहिली. उल्हासनगरसाठी २००६ मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. वाकडमधल्या कुठल्याही सोसायटीच्या कमिटीला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही: फ्लॅट आपला, हप्ते आपले, पण बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलेला नाही, म्हणून पायाखालची जमीन अजून दुसऱ्याच्याच नावावर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सिंधी समाज मुळातच व्यापारी, हिशेबाला पक्का. त्याला कुठेही टाका, उभा राहणारच. त्यात सरकारच्या मदतीचे किंवा कागदांचे काय? शिवाय पिंपरीचे नशीबही थोर. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साह्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स इथे आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, मग टेल्को आणि एमआयडीसी. हजारो पगारदार गिऱ्हाईक दाराशी आल्यावर दुकान चालणारच. या आक्षेपात तथ्य आहे. निर्वासितांच्या यशाच्या बहुतेक कथा या भोवतालच्या अर्थव्यवस्थेच्याही कथा असतात, हे पुनर्वसनाच्या अहवालांतून सोयीस्करपणे गाळले जाते. पण कॅम्प आधी आला आणि कारखाने नंतर, हेही तितकेच खरे. कारखाने आले तेव्हा ज्यांच्याकडे गाळा होता, त्यांनाच त्या गिऱ्हाइकाचा फायदा झाला. व्यापाराची अक्कल सोबत आणता येते, बाजारातली जागा आणता येत नाही. ती कुणीतरी द्यावी लागते. आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कुठली एमआयडीसी पोसत होती? तिथेही सिंधी निर्वासितांनी कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी केली.

गांधीनगरचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच जागेवर आधी कोण होते हेही सांगितले पाहिजे, कारण परतणाऱ्यांचा प्रश्न तिथे फार स्पष्ट दिसतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलले होते, तिथून ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. पोलिश भाषेतल्या शाळा, चर्च, स्काउट पथके, नाटके. छावणी म्हणून पाहिली तर वळिवड्याइतकी नेटकी व्यवस्था आजही कमी ठिकाणी आढळेल. मग १९४५ मध्ये युद्ध संपले आणि ब्रिटनने त्या लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. शांतता झाली, आता घरी जा, असे म्हणणे सोपे होते. पण यांची घरे ज्या मुलुखात होती तो मुलूखच सोव्हिएत संघात गेला होता. काही जण नव्या पोलंडला गेले, पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात पांगले. पाच वर्षे उत्तम सांभाळलेल्या माणसांचे पुढे काय, याचे उत्तर छावणीच्या व्यवस्थेत नव्हतेच. ते परराष्ट्र खात्यांच्या टेबलांवर होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा कोल्हापूरच्या स्मारकाला त्यांनी आदरांजली वाहिली, आणि आपल्याकडे त्याचे कौतुकही झाले. कोल्हापूरकरांनी दिलेल्या आसऱ्याचे ते कौतुक योग्यच. परतायला जागा न उरलेल्यांची बाजू मात्र त्यात आली नाही.

शेतकरी निर्वासितांचे उदाहरण गडचिरोलीत आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी, मुलचेरा भागात वसवली गेली, त्यांना जमिनी दिल्या गेल्या. पण त्या भोगवटादार वर्ग दोनच्या. विकायची, गहाण टाकायची तर सरकारची परवानगी. जमीन हातची जाऊ नये हा त्यामागचा हेतू चांगलाच, पण पिढ्या उलटल्या तरी तो माणूस आपल्याच शेतावर सरकारचा पाहुणा राहतो. या वस्त्यांमधून वर्ग एकची मागणी सतत होत असते ती यामुळे. गोंदियात अर्जुनी मोरगावजवळ नोर्गेलिंग ही १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे. तिथे प्रश्न निराळा, कारण तिबेटींना परतण्याची आशा धरून परकेच राहायचे आहे.

काश्मीरकडे पाहिले की आसरा आणि परती अशा दोन्ही बाजू एकदम दिसतात. १९९० मध्ये खोऱ्यातून पंडित कुटुंबे निघाली. जम्मूत तंबू, मग एका खोलीची घरे, पुढे २०११ मध्ये जगटीची वसाहत. नोंदणी झालेली कुटुंबे ६० हजारांच्या वर आहेत आणि त्यांतल्या पात्र कुटुंबांना अजूनही महिन्याला जास्तीत जास्त १३ हजार रुपये रोख मदत मिळते. महाराष्ट्राने यातले काहीच दिले नाही. महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात दिल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांमध्ये विस्थापित काश्मिरी मुलांसाठी जागा, आणि त्याचे श्रेय पंडित समाज आजही बाळासाहेब ठाकरे यांना मोकळेपणाने देतो. त्या जागा मूळ प्रवेशसंख्येच्या वर होत्या, म्हणून इथल्या कुणाची जागा गेली नाही. सरकारला खर्च असा काही पडलाच नाही. हिंजवडीचे आयटी पार्क त्याच सुमारास आकाराला येत होते. पुण्यात शिकलेल्या मुलांना नोकरी शोधायला लांब जावे लागले नाही. पुढे इतर राज्यांनीही अशा सवलती दिल्या. तीन दशकांच्या मदतीतून माणसांना परावलंबनातून बाहेर काढणारी एकच बाब निवडायची झाली, तर मी या जागा निवडेन. यात एक मर्यादा आहे, ती मान्य करतो: हा उपाय बारावी झालेल्यांच्या कामाचा. जम्मूच्या छावणीत बसलेल्या साठीच्या बागाईतदाराला त्याचा काय उपयोग?

आणि परतीची बाजू. २००८ च्या आणि २०१५ च्या पॅकेजमधून परतणाऱ्यांसाठी खोऱ्यात ६ हजार सरकारी नोकऱ्या मंजूर झाल्या. माणसे गेली, पण राहिली कुठे? वेस्सू, शेखपोरा अशा संरक्षित संक्रमण वसाहतींत. सकाळी बसने कामावर, संध्याकाळी फाटकाच्या आत. मे २०२२ मध्ये चाडूरा येथील तहसील कचेरीत अशाच एका कर्मचाऱ्याची गोळ्या घालून हत्या झाली, आणि शेकडो जण जम्मूला परतून महिनोन्‌महिने बदलीसाठी धरणे धरून बसले. कामावर नाही तर पगार नाही, असे प्रशासनाने बजावले. म्हणजे ज्या कागदाने त्यांना परत नेले, तोच त्यांना बांधून ठेवू लागला. ही नोकरी विशिष्ट ठिकाणी राहण्याच्या अटीवर होती. पुण्यातल्या प्रवेशाला अशी अट नव्हती. कागद द्यावा हे म्हणणे पुरेसे नाही, तो घेऊन कुठेही जाता आले पाहिजे, असे या तुलनेतून निघते.

परदेशी युद्धांतून परतलेल्या आपल्याच माणसांची दोन उदाहरणे शेजारी ठेवली तर हे आणखी नीट कळेल. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी आणले. मल्याळी माणसांची ती गोष्ट चित्रपटांपर्यंत गेली. पण तिचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून भरपाईचा आयोग नेमला आणि त्यात 'अ' वर्गाचा दावा असा ठेवला: २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात तुम्ही कुवेत किंवा इराकमधून निघालात एवढेच दाखवा. फर्निचर किती, सोने किती, मालकाकडे पगार किती थकला, काही विचारणार नाही. एकट्याला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला ५ हजार. पुढचे सगळे दावे सोडलेत तर ४ आणि ८ हजार. पैसे यायला वर्षे लागली, हे खरे. तरी १९५० च्या क्लेमशी ताडून पाहा: तिथे खरेदीखत लागत होते, इथे पासपोर्टावरचा शिक्का पुरला. घरगडी आणि इंजिनिअर एका रांगेत आले. आता २०२२ चे युक्रेन घ्या. ९० विमाने, सुमारे साडेबावीस हजार माणसे, विमानतळांवर गुलाबाची फुले. सुटका खरोखर वाखाणण्यासारखी झाली. त्यांतले बहुसंख्य वैद्यकीयचे विद्यार्थी होते, आणि उतरल्यानंतर त्यांना कळले की इथल्या कॉलेजांत त्यांना जागा मिळणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या देशात जाऊन शिकण्याला मान्यता मिळाली; मार्च २०२३ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की अंतिम वर्षाच्यांना परीक्षेची एकवेळची संधी देऊ. मधल्या वर्षांतल्या मुलांचे पालक कर्जाचे हप्ते भरतच राहिले. नीटच्या गुणवत्तेशी तडजोड नको, ही वैद्यकीय आयोगाची भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. पण काश्मिरी मुलांसाठी वाढीव जागा निघू शकल्या, मग इथे त्या धर्तीवर निदान चाचणी घेऊन मार्ग का निघाला नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही.

मदतकार्यात आयुष्य घालवलेले लोक इथे अडवतील. म्हणतील, तुमचे कागद ठेवा बाजूला. छावणीत पहिल्या महिन्यात माणसे पटकीने मरतात. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, डोक्यावर साडेतीन चौरस मीटर छप्पर, २० जणांमागे एक संडास, या आंतरराष्ट्रीय निकषांमागे अनेक छावण्यांतले मृत्यू आहेत. मान्य. पाण्याआधी सनद असे कुणी म्हणणार नाही. पण नोंदणी तर पहिल्याच दिवशी होते. त्याच रांगेत माणसाचे शिक्षण, धंदा, मागे राहिलेली जमीन, हरवलेले दाखले लिहून घेतले, तर पुढची दहा वर्षे वाचतात. दुसरा आक्षेप राजकीय आहे: नव्या जागी पक्के कागद दिले की परतीचा हक्क आपोआप मेला, आणि हाकलणाऱ्याचे फावले. बॉस्नियात १९९५ च्या डेटन कराराने प्रत्येकाला स्वतःचे घर परत मिळण्याचा हक्क दिला. आंतरराष्ट्रीय दबावाखाली २ लाखांहून अधिक घरे मूळ धन्यांच्या ताब्यात आली. पुष्कळांनी ती विकली आणि जिथे रुजले होते तिथेच राहिले. काही टीकाकार याला अपयश म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. परतायचे की नाही हे त्या माणसाने ठरवले, त्याच्या शेजाऱ्याच्या बंदुकीने नाही. पुण्यात शिकून स्थिरावलेल्या पंडितांनीही खोऱ्यातला हक्क सोडलेला नाही.

आजचे चित्र पाहायला पुन्हा पिंपरीतच यावे लागते. पाकिस्तानातून अलीकडे आलेली हिंदू सिंधी कुटुंबे इथेही राहतात, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. २०१६ मध्ये केंद्राने अशा व्हिसाधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरते घर घेण्याची मुभा दिली, आणि नागरिकत्वाचे अर्ज निकालात काढण्याचे अधिकार पुण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. यात धान्याचा एक दाणा नाही, तरी या कुटुंबांना मिळालेली ही सर्वांत कामाची मदत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदू नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले. पण २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीसह ही सगळी वाट धर्माच्या नावाने उघडते किंवा बंद होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी शिष्यवृत्ती आणि व्हिसा दोन्ही संपत आल्याने टांगणीला लागले होते. त्यांच्यातल्या मुलींना परत जाणे म्हणजे शिक्षण संपणेच होते. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांचा कायदाही नाही, त्यामुळे कुणाला काय मिळावे हे त्या त्या वेळच्या आदेशावर ठरते. अशा मर्जीतून काश्मिरी जागांसारखे चांगले निर्णयही निघतात, म्हणून ती पुरेशी आहे असे काही जण म्हणतात. युक्रेनच्या मुलांना विचारावे.

राहिला सर्वांत जड आक्षेप, आणि तो आपल्या नळातून येतो. बाहेरून आलेल्यांना जागा, प्रवेश, नागरिकत्व. मग विकासासाठी उठवलेल्या इथल्या माणसाचे काय? वाकडला येणारे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलले जाते, आणि ते पवना धरणातून सोडलेले असते. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. धरण झाले त्याला अर्धे शतक उलटले, आणि अनेक खातेदारांची पर्यायी जमिनीची मागणी अजून चालूच आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तेव्हा देशात तो पहिलाच होता; तरी ही अवस्था. ९ ऑगस्ट २०११ ला धरणापासून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. हा आक्षेप निर्वासितांना कमी द्या असे सांगत असेल, तर तो मला मान्य नाही. पवनेच्या धरणग्रस्ताला त्यातून एक गुंठाही मिळणार नाही. दोघांचे अर्ज शेवटी एकाच जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, आणि दोघांच्याही फाईलवर तोच एक शेरा पडलेला असतो: मालकीचा पुरावा जोडावा. सिंधी पट्ट्यांसाठी सरकारने अभय योजना आणली, त्यात ठरावीक रक्कम भरून मालकी नियमित करण्याची सोय आहे. पवनेच्या खातेदारांना भरायचे काहीच नाही, त्यांची जमीन आधीच घेतलेली आहे. तेव्हा त्यांच्यासाठी तशीच मुदत घातलेली योजना काढण्यात नेमकी कुठली अडचण आहे, हे महसूल खात्याने सांगावे.